घोडे का अडले?

‘भाकरी का करपली? पान का सडले? घोडे का अडले?’ हे तीन प्रश्न एका दमात विचारून त्यांचे एकच उत्तर मागणारे जुने कोडे आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी ऐकले असेल. ‘न फिरविल्यामुळे’ हे त्याचे उत्तर. भाकरी तव्यावर फिरविली नाही म्हणून करपली. पाने टोपलीत वरखाली फिरविली नाहीत म्हणून सडली. आणि घोडे रोज फिरविले नाही म्हणून अडले. उत्तर चतुर आहे यात शंका नाही; परंतु घोड्यापुरते बोलायचे तर ते अर्धेच खरे आहे. घोडे फिरविले पाहिजे हे मान्य; पण ते कोणी फिरवावे? पैसे देऊन नेमलेल्या चाबुकस्वाराने, की ज्याच्या दाराशी ते बांधलेले आहे त्या धन्याने? आणि चाबुकस्वार नेमायचाच झाला, तर तो कसा पारखून घ्यावा? या प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

सुरतेसारख्या कापडाच्या व हिऱ्यांच्या शहरात घोड्याचा विषय कशाला, असे काही विद्यार्थिमित्र विचारतील. टांग्यांचे दिवस मागे पडले हे खरे. पण नवरदेवाला घोडीवर मिरविण्याची हौस काही कमी झालेली नाही, आणि ती पुरविण्यासाठी घोड्या बाळगणारी कुटुंबे शहरात व आसपासच्या गावांत आजही आहेत. शिवाय सुरतेतील कितीतरी मराठी कुटुंबांची मूळ गावे नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांत आहेत. आपल्या शहराजवळ समुद्राला मिळणारी तापी ज्या खानदेशातून वाहत येते, त्याच खानदेशात तापीच्याच काठी, शहादे तालुक्यातील सारंगखेडे येथे दरवर्षी दत्तजयंतीला यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार फार प्रसिद्ध असून दूरदूरच्या प्रांतांतून घोडी तेथे विक्रीस येतात. तेव्हा हा विषय आपल्या नदीच्या वरच्या अंगाचाच आहे, परका नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथे सांगितली म्हणजे प्रश्न स्पष्ट होईल. कुटुंबप्रमुखांना सर्वजण आप्पा म्हणतात. काही वर्षांपूर्वी आप्पांनी सारंगखेड्याहून चार वर्षांची एक काठेवाडी घोडी आणली. घेताना त्यांनी सर्व काही पाहिले. रंग पाहिला, दात पाहिले, गळ्यावरचा देवमण पाहिला, अंगावरचे भोवरे मोजले, रेवाल चाल पाहिली. घोडी सुरतेस आल्यावर मात्र ती कोणाकडे शिकावयास द्यावी याची चौकशी त्यांनी घटकाभरही केली नाही. कोणी एक नाव सुचविले, सौदा ठरला, पैसे आगाऊ दिले गेले. ‘दोन महिने इकडे फिरकू नका, मालक समोर दिसला की जनावर बिघडते,’ असे त्या चाबुकस्वाराने सांगितले, आणि आप्पांनी ते निमूट मानले.

दोन महिन्यांनी घोडी परत आली ती पाहण्यासारखी. ती इशाऱ्यासरशी वळे, थांबे, ताशाच्या ठेक्यावर पाऊल उचली. घरात पेढे वाटले गेले. तिसऱ्या आठवड्यात आप्पा तिला घेऊन गावाबाहेरच्या कालव्याच्या पुलाशी आले आणि घोडी तेथे थबकली. आप्पांनी टाच मारली, ती मागे सरकली. पडण्याच्या भीतीने आप्पा खाली उतरले व तिला घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी ती पुलाच्या अलीकडे शंभर पावलांवर थांबली. महिनाअखेर ती फाटकाबाहेर पडेना. पुढे एका वरातीत नवरदेव अजून बसावयाचा होता इतक्यात ढोल वाजला, घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि लगाम धरून उभा असलेला आप्पांचा थोरला मुलगा खाली फेकला गेला. त्याचे मनगट मोडले. चाबुकस्वाराने फसविले, असा घरात सर्वांचा निकाल झाला. परंतु त्याला बोलावून आणले, तो घोडीवर बसला, आणि घोडी त्या पुलावरून सरळ पलीकडे गेली! मग दोष कोणाचा?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम घोड्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. घोडे हे लढून जगणारे नव्हे, पळून जगणारे जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी समोरचा व शेपटीच्या थेट मागचा भाग दिसत नाही. त्याची कातडी इतकी संवेदनशील असते की अंगावर बसलेली एक माशीही त्याला तत्काळ जाणवते. मग स्वाराच्या गुडघ्याचा दाब, हाताचा कंप, रोखलेला श्वास या गोष्टी त्याला कळल्यावाचून कशा राहतील? आपण तोंडाने ‘चल’ म्हणत असलो आणि मनातून पुलाला भीत असलो, तर घोड्याला तोंडचा शब्द नव्हे, अंगातील भीतीच आधी कळते.

दुसरी गोष्ट त्याच्या शिकण्याची. घोडे दाबाने शिकते असा सामान्य समज आहे. वस्तुतः ते दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकते. टाच लागली, त्याने पाऊल पुढे टाकले आणि त्याच क्षणी टाच सुटली, की पुढे जाणे म्हणजे सुटका हा धडा त्याच्या मनावर ठसतो. तो क्षण चुकला की धडाही चुकतो. आता आप्पांच्या घोडीचा विचार करावा. ती पुलाशी थांबली, आणि थांबताच पाठीवरचे ओझे उतरले, टाच सुटली, घराची वाट मिळाली. अडले की सुटका होते, हा धडा तिला आप्पांनीच, अजाणता का होईना, शिकविला. आणि हुशार विद्यार्थिनीप्रमाणे तिने तो एका दिवसात पाठ केला. कोड्याचे उत्तर येथे उलटे झाले. घोडी न फिरविल्यामुळे अडली नव्हती. नको त्या क्षणी माघारी फिरविल्यामुळे अडली होती.

घोडे माणसाला किती बारकाईने वाचते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जर्मनीत घडले. बर्लिन येथे विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त शिक्षकांचा हान्स नावाचा घोडा होता. तो खुराने ठोके देऊन बेरीज-वजाबाकीची उत्तरे सांगे. १९०४ साली त्याची कीर्ती एवढी वाढली की परीक्षेसाठी विद्वानांची समिती नेमली गेली. तिला लबाडी काही आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले व १९०७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुके. ठोक्यांची योग्य संख्या पुरी होताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि ती खूण पाहून घोडा थांबे. हान्सला गणित येत नव्हते. त्याला माणूस येत होता. यावरून एक गोष्ट उघड होते. चाबुकस्वाराच्या हाताखाली घोडे जे शिकते, त्यात त्या चाबुकस्वाराचे हात, त्याची बैठक, त्याचा आवाज हे सर्व मिसळलेले असते. घोडे घरी येते तेव्हा हे हात त्याच्याबरोबर येत नाहीत. म्हणून जो चाबुकस्वार धन्याला दूर ठेवून केवळ घोडे तयार करतो, तो अर्धीच विद्या विकतो. धन्याला बरोबर घेऊन दोघांना एकत्र शिकविणारा मनुष्यच निवडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विचार नवा आहे असे मात्र नव्हे. महाभारतातील नलोपाख्यान आपण सर्वांनी वाचले आहे. राज्यभ्रष्ट नळ बाहुकाचे रूप घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे अश्वशाळेचा अधिकारी म्हणून राहतो. एका दिवसात विदर्भ गाठण्याचा प्रसंग येतो तेव्हा तो कृश दिसणारे घोडे निवडतो. राजा शंका घेतो. पण अखेर जाणत्याच्या निवडीवर विश्वास ठेवतो. पुढे ऋतुपर्ण नळाला अक्षविद्या देतो व त्याच्याकडून अश्वविद्या घेतो. येथे मर्म असे की राजा केवळ उत्तम सारथी पदरी असल्याच्या समाधानात राहिला नाही. त्याने ती विद्या स्वतः मागून घेतली. आणि नळानेही ती लपवून ठेवली नाही.

ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. मुलाला एखाद्या कारागिराकडे उमेदवारीस पाठवितात तसे शिंगरू शिक्षकाकडे द्यावे, आणि परत येताना त्याला काय काय आले पाहिजे हे आधी लिहून घ्यावे, असे तो सांगतो. पण त्याहूनही महत्त्वाची त्याची अट निराळी आहे. शिक्षकाकडे जाण्यापूर्वीच शिंगरू माणसाळलेले असावे, आणि ते काम घरचे आहे. मोतद्दाराने त्याला गर्दीतून न्यावे, नाना आवाज व दृश्ये यांची सवय लावावी, ते भ्याले तर मारून नव्हे, शांतपणे त्याची भीती घालवावी. ढोलाच्या आवाजाने उभ्या राहिलेल्या घोडीचा प्रसंग वाचल्यावर या जुन्या सूचनेचे मोल ध्यानी येते.

आपल्या इतिहासाकडे वळू. १६६४ च्या जानेवारीत व पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात सुरत शहराने शिवाजी महाराजांचे घोडदळ पाहिले. त्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडे व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. आणि जो स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे ती अशी की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजे पाण्याची व खुरांची काळजी घेण्यास स्वतंत्र मनुष्य होता. शिलेदाराचे मात्र घोडे हेच भांडवल. ते लंगडले की त्याची चाकरीच लंगडली. आज आपण घोडे विकत घेतो तेव्हा शिलेदार होतो, पण वागतो मात्र बारगिरासारखे! घोडे कोणीतरी तयार करून हाती द्यावे व आपण नुसते वर बसावे, ही अपेक्षा पागा पाठीशी असणाऱ्याला शोभेल. ज्याच्या दारात एकच घोडी आहे त्याला नव्हे.

आता चाबुकस्वार निवडण्याच्या कसोट्या पाहू.

पहिली कसोटी त्याच्या तबेल्यात पाहावी. त्याचे घोडे कसे नाचते हे पाहू नये. तो आत शिरताच घोडी काय करतात ते पाहावे. कान टवकारून पुढे आली तर चांगले. कोपऱ्यात सरकली, पाठ फिरविली, डोके वर फेकू लागली, तर तेथूनच परतावे. तोंडाचे कोपरे फाटलेले, पाठीवर खोगिराचे व्रण, खूर वाढलेले, ही चिन्हे जाहिरातीपेक्षा अधिक खरे बोलतात. काटेरी लगाम दिसला तर बोलणेच खुंटले. ओझ्याच्या व सवारीच्या जनावरांना काटेरी लगाम किंवा टोचणारी साधने लावण्यास १९६५ च्या नियमांनी आपल्या देशात मनाई केलेली आहे.

दुसरी कसोटी म्हणजे दार उघडे आहे की नाही. धन्याला कोणत्याही दिवशी, न कळविता येऊन पाहता आले पाहिजे. ‘मालक दिसला की जनावर बिघडते’ असे जो म्हणतो, त्याच्या पद्धतीत पाहण्याजोगे काही नसते, किंवा लपविण्याजोगे काहीतरी असते. आणि जे शिक्षण धन्याच्या दर्शनाने बिघडते, ते धन्याच्या घरी टिकावे कसे?

तिसरी कसोटी प्रश्नांची. चांगला चाबुकस्वार आधी बोलत नाही, विचारतो. घोडी कोठून आणली, चंदी किती देता, खरारा कोण करतो, दिवसातून किती वेळ बांधून असते, पूर्वी कोणी पाडले आहे काय? त्यानंतर तो धन्यालाच वर बसावयास सांगतो व दुरून पाहतो. घोडे अडत असेल तर तो प्रथम दात, पाठ व खूर तपासतो आणि शंका आल्यास पशुवैद्यांना दाखवावयास सांगतो. कारण दुखणाऱ्या जनावराला शिस्त लावणे ही शिकवण नसून क्रौर्य आहे.

चौथी कसोटी अशी की तो कारण सांगतो की नाही. ‘हा माझ्या हाताचा गुण आहे’ एवढ्यावर जो थांबतो, तो कदाचित उत्तम स्वार असेल, पण शिक्षक नव्हे. लगाम आता का सैल केला, वळण डावीकडून का घेतले, हे ज्याला साध्या शब्दांत सांगता येते त्याचीच विद्या दुसऱ्याच्या हाती उतरते.

पाचवी कसोटी रागाची. घोडे चुकले असता तो काय करतो हे पाहावेच. पण धनी चुकला असता काय करतो, हेही पाहावे. जनावराशी गोड व माणसाशी तुसडा अशी माणसे या धंद्यात आढळतात. ज्याच्यापुढे प्रश्न विचारण्याची भीती वाटते, त्याच्याकडून धन्याला काही शिकता येणार नाही.

सहावी कसोटी मुदतीची. पंधरा दिवसांत नाचवून देतो, असे वचन देणाऱ्यापासून सावध राहावे. घोड्याच्या पाठीची हाडे पुरती पक्की होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. लहान वयात घाईने बसलेले ओझे पुढे जन्मभर बाधते. किती दिवस, त्यांपैकी धनी किती दिवस हजर राहील, अखेरीस घोड्याला काय व धन्याला काय आले पाहिजे, दाणावैरण कोणाची, दुखापत झाल्यास खर्च कोणाचा, हे सर्व झेनोफनच्या सल्ल्याप्रमाणे कागदावर असावे. पुष्कळदा भांडणे अविश्वासामुळे होत नाहीत, अस्पष्टतेमुळे होतात.

या कसोट्या चाबुकस्वाराच्या झाल्या. धन्याची कसोटी एकच, पण ती कठीण आहे. रोज तासभर वेळ आणि स्वतःची चूक ऐकून घेण्याची तयारी त्याच्यापाशी आहे काय? नसेल तर जगातला उत्तम वस्तादही त्याच्या उपयोगी पडणार नाही. आणि अशा गृहस्थाने घोडे न बाळगणे हेच घोड्यावर उपकार होत. घरातील इतरांनीही त्याच खुणा वापरल्या पाहिजेत. बापाने एक शिकवावे, मुलाने दुसरे आणि मोतद्दाराने तिसरे, असे झाले तर बिचाऱ्या जनावराने कोणाचे ऐकावे?

आप्पांची हकीकत पुरी करावयाची राहिली. मुलाचे मनगट जुळून येईपर्यंत घोडी विकून टाकावी असाच त्यांचा विचार होता. इतक्यात दुसऱ्या एका वृद्ध वस्तादांची गाठ पडली. त्यांनी घोडीचे तोंड उघडून पाहिले, आतील जखम आप्पांना दाखविली आणि पहिला लगाम काढून टाकावयास लावला. मग ते म्हणाले, ‘आप्पा, घोडीला फारसे शिकवायचे नाही. तुम्हांला शिकवायचे आहे. रोज सकाळी याल का?’ आप्पांना राग आला, पण ते गेले. तोंड बरे होईपर्यंत वस्तादांनी त्यांना घोडीवर बसूच दिले नाही. दोर हाती धरून पायी चालावयाचे, ती थांबली की आपणही शांत उभे राहावयाचे, तिने एक पाऊल पुढे टाकले की तत्क्षणी दोर सैल सोडावयाचा, एवढेच काम. कालव्याच्या पुलापर्यंत ती दोघे पायी गेली तेव्हा वस्ताद दहा पावले मागे होते. पुढच्या आठवड्यात ते पन्नास पावले मागे होते. सहाव्या आठवड्यात ते आलेच नाहीत. घरी बसून त्यांनी निरोप पाठविला की आज तुम्ही एकटे जा. त्या दिवशी आप्पा घोडीवर बसून पूल ओलांडून गेले व परत आले.

घोडी आजही ढोलापासून थोडी दूर उभी राहते, आणि फटाक्यांची वरात असेल तर आप्पा ती नाकारतात. त्यात त्यांचे चार पैसे बुडतात. पण थोरला मुलगा पुन्हा लगाम धरू लागला आहे, आणि ते पाहिले म्हणजे त्या नुकसानीचे आप्पांना काही वाटत नाही. दुसऱ्या वस्तादांनी पहिल्यापेक्षा नवे असे घोडीला काही शिकविले नव्हते. त्यांनी विद्येचा दुसरा अर्धा भाग तेवढा योग्य हाती दिला, आणि तो देऊन झाल्यावर ते बाजूला झाले. आम्हांस वाटते, कोणत्याही शिक्षकाची, मग तो तबेल्यातील असो वा वर्गातील, हीच शेवटची व खरी कसोटी होय.